प्रतिशब्द

मडगावच्या रक्तपेढीत रात्रपाळीला
दोघंच जागे : फ्रिजचा कंप्रेसर आणि मी.
चार अंश. सदतीस पिशव्या. ओ निगेटिव्ह एकच.
नोंदवही मिटली की खणातून ती कादंबरी काढते,
शंभरावर वर्षं जुनी, थंड देशातली,
आणि तिच्यातल्या सरदाराला मराठीत आणायला बसते.

हसू नका. शेटकरांनी, म्हणजे प्रकाशकांनी, मुद्दाम मलाच दिली.
म्हणाले, बाई, रक्तातलं तुम्हाला कळतं.

सव्वादोनशे पानं झाली. गढी झाली, लांडगे झाले,
धुकं झालं (ते चोर्ल्याच्या घाटातलं उसनं घेतलं),
खिडकीतली फिकट होत जाणारी मुलगीही झाली.
अडलंय एका शब्दाशी.
मेलेला आहे पण मरत नाही,
दिवसा पेटीत निजतो, रात्री गळ्याशी येतो,
त्याला म्हणायचं काय?

रक्तपिपासू? तो शब्द वर्तमानपत्रांनी
सावकारांवर, मंत्र्यांवर आणि डासांवर घासून बोथट केला.
पिशाच्च चाललं असतं,
पण पिशाच्चाला कुठली सरदाराची अदब, इस्त्रीचा अंगरखा?
शेटकर म्हणतात, वेताळ घाला हो. खपेल.

मी लोलयेची आहे.
आमचा वेताळ दगडाचा, पुरुषभराहून उंच,
आणि तो रात्री गाव राखतो.
बांधांवरून, माडांखालून, शिवेच्या पलीकडून फिरून येतो
म्हणून त्याच्या वहाणा झिजतात,
म्हणून गाव त्याला नव्या वाहतं.
लहानपणी एक जुना जोड मी पालथा करून पाहिला होता :
टाच गेलेली, अंगठ्याशी भोक, एक काटा रुतलेला.
बाबा म्हणाले, बघ, खरंच चालतो तो.
त्याला मी कुणाच्या गळ्याशी कशी नेऊ?

म्हणून शब्दाची जागा कोरी. आजवर तीनशे अकरा ठिकाणी.

पुस्तकाच्या शेवटी लेखकावर दीड पान आहे.
बंदरातल्या जकात कचेरीत कारकून.
ज्या डोंगरांची त्याने भीती घातली तिथे तो कधी गेला नाही;
नकाशे, दुसऱ्यांची प्रवासवर्णनं, मेणबत्ती, खोकला.
हक्क विकले, त्यात दोन हिवाळ्यांचा कोळसा आला.
गेला तेव्हा घरभाडं थकलेलं होतं.
सरदार मात्र भाषेभाषेत शिरून गलेलठ्ठ झाला.
तिसऱ्यांदा वाचताना वाटलं,
पहिला गळा ह्याचाच असणार.
माझाही चष्म्याचा नंबर वाढलाय, ते सोडा.

कादंबरीत एक नियम आहे :
'आत ये' म्हटल्यावाचून त्याला उंबरा ओलांडता येत नाही.
हे आमच्याकडे कसं चालायचं?
इथे दारात सावली पडायच्या आत 'यो, बस, च्या घे' होतं.
आठवड्यात त्याने अख्खी सासष्टी संपवली असती.

पहाटे तीनला काचेच्या दाराशी कुणीतरी.
दार उघडंच, तरी हा उंबऱ्याबाहेर थांबलेला.
इनास, कुटबणच्या जेटीवरचा. हातात डॉक्टरची चिठ्ठी,
बायको वरच्या मजल्यावर, बाळ झालंय, रक्त थांबत नाही.
"भितर येऊं, बाय?"

यो, म्हटलं.

आला. अंगाला मासळीचा वास, शर्टाला मीठ.
एका चपलेचा अंगठा तुटलेला,
दुसरीची टाच कागदाएवढी उरलेली.
चिठ्ठीवरचा गट वाचला. तीच ती एकुलती एक पिशवी.
क्रॉसमॅच लावला. चाळीस मिनिटं, बसा.
तो बसला नाही. बाही वर सारत म्हणाला,
"म्हजें घे. कितलें जाय तितलें."

कादंबरी टेबलावर पालथी पडलेली.
पिशवी वर गेली, वहीत छत्तीस लिहिले,
मग त्याच्या दंडाला पट्टा बांधला.
शीर लगेच सापडली.